भिकाबाई रडली नाही

भिकाबाईचं रडणं साऱ्या तांड्यात नावाजलेलं होतं. हसू नका, खरंच सांगतो. बंजारा तांड्यातल्या जुन्या बायांची रीतच तशी. बऱ्याच दिवसांनी सोयरं-धायरं भेटलं की आधी गळ्यात पडायचं आणि सुरात रडायचं. या रडण्याला चाल असते, ओळी असतात. मधल्या काळात कोण गेलं, कुणाची गाय व्याली, कोणत्या लेकीला सासरी जाच आहे, कुणाला नातू झाला, हे सगळं त्या रडण्यात ओवून सांगायचं. एक सांगते, दुसरी विचारते. पोट रिकामं झालं की दोघी पदरानं डोळे पुसतात आणि चहाला बसतात. परक्या माणसानं पाहिलं तर त्याला वाटावं, घरात मयत झाली.

भिकाबाईचा तर यात हात धरणारं कुणी नव्हतं. वसमतच्या बाजाराहून संध्याकाळी परतलेल्या जावेच्या गळ्यात पडूनसुद्धा ती दोन ओळी म्हणून घ्यायची. सून शिला कपाळावर हात मारायची. "याडी, ती सकाळी तर गेली होती!" याडी म्हणजे आई. भिकाबाई म्हणायची, "मंग? गेली तर होती ना!"

घरात ही माणसं आपसात तांड्याची बोली बोलतात. ती तुम्हा-आम्हाला कळायची नाही, म्हणून मी मराठीत सांगतो आहे.

तर दोन हजार तीन सालचा उन्हाळा. सिद्धेश्वर धरणाच्या अंगाला असलेल्या या तांड्यात शिला नव्या घराच्या भिंतींवर पाणी मारत होती, आणि तिचा नवरा देविदास एस.टी.ची ड्युटी संपवून खाकी शर्टाची बटणं काढत होता. हिंगोली-वसमत गाडीवर तो कंडक्टर. माणूस सरळ, वेळेचा पक्का, आणि स्वतःच्या डोळ्यांवर फार विश्वास असलेला.

"याडी रमली बरं का तिथं," तो म्हणाला. "आज उतरून भेटलो. पयल्यासारखी रडली बी न्हाई."

शिलाच्या हातातली बादली कलंडली. "रडली न्हाई?"

"येक थेंब न्हाई. 'बरं हाय, तू जा' म्हणली. झालं, मी घंटी मारली."

देविदास खुशीत होता. शिला मात्र कलंडलेली बादली तशीच टाकून त्याच्यासमोर येऊन उभी राहिली.

भिकाबाई तिथं, म्हणजे वृद्धाश्रमात, कशी गेली तेही सांगायला हवं. पौषात ती अंगणात घसरून पडली आणि खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं, पण वॉकर धरून चार पावलं टाकण्यापलीकडे गाडी जाईना. त्यातच घरकुल मंजूर झालेलं. जुनं घर पाडलं, आणि सगळ्यांनी पत्र्याच्या शेडात मुक्काम ठोकला. त्या शेडात माघातच अंडी उकडावीत असं ऊन. अशा वेळी वसमतच्या अलीकडे, सडकेलाच लागून असलेल्या एका वृद्धाश्रमाचा चालक तांड्यावर आला. मुंजाजी त्याचं नाव. गोरागोमटा, हसतमुख, बोलण्यात साखर. डॉक्टर आहे म्हणाला, मालिश आहे म्हणाला, पंखे आहेत म्हणाला. देविदासला सगळ्यात जास्त आवडलं ते हे, की त्याची गाडी रोज त्याच दारावरून जाणार होती. घर होईपर्यंत याडी तिथं राहील असं ठरलं. लोक त्या जागेला म्हाताऱ्यांचं होस्टेल म्हणायचे.

पहिल्या आठवड्यात देविदास भेटायला गेला तेव्हा भिकाबाई रीतीप्रमाणे रडली होती. दुसऱ्यांदाही रडली. नंतर रोज साडेचारला गाडी तिथून जाताना ती ओसरीवरच्या खुर्चीत बसलेली दिसायची. तो हात करायचा, ती हात करायची. मुलाला आणखी काय हवं?

"कशी बसली होती? अंगावर काय होतं?" शिलानं विचारलं.

"शाल."

"चैतात शाल?"

"आता म्हातारं माणूस. केस बी छान विंचरले होते. तोंडाला पावडर लावली होती."

"पावडर! याडीनं आपल्या लग्नात पावडर लावली न्हाई!"

"मंग आता लावली. तुला काहून पोटदुखी?" देविदास चिडला. आणि चिडलेला माणूस बोलू नये ते बोलून जातो. "तुला तर ती घरात नकोच होती. आता तिथं सुखानं हाय, तर ते बी तुला बघवंना."

शिलाला हे फार लागलं. लागणारच, कारण त्यात अर्धा शेर तरी खरं असल्यासारखं साऱ्या तांड्याला वाटत होतं. सासू-सुनेचं भांडण ही त्या घरातली रोजची गोष्ट. चुलीतली राख कुणी काढायची, चहात साखर किती, नातीची, निलमची, वेणी एक घालायची की दोन, यांवरून दोघींची जुंपायची ती पार शेजारची माणसं मध्ये पडेपर्यंत. याडी वृद्धाश्रमात गेली तेव्हा चार बाया आपसात म्हणाल्याच होत्या, शिला जिंकली. आता तिथं काही वाईट चाललंय असं शिला म्हणाली आणि ते खोटं निघालं, तर तिचं जन्माचं हसं होणार. आणि खरं निघालं तर? भिकाबाईचं हाड जुनं, वय झालेलं. अशा अंगाला कुणी पाहणारं नसेल तर उन्हाळा निघणं कठीण. शिलाला हसं होण्यापेक्षा ही दुसरी भीती मोठी वाटली.

तिनं देविदासला काही सांगितलं नाही. दुसऱ्या दिवशी तांड्यातल्या जळबाचा टेम्पो वसमतच्या मोंढ्याला हळद घेऊन निघाला, त्यात ती पोत्यांवर चढून बसली. बसनं गेली असती तर नवऱ्याच्याच गाडीत बसावं लागलं असतं, आणि साडेचारलाच पोचली असती. तिला ती वेळ नको होती. तिला भर दुपारची वेळ हवी होती.

वृद्धाश्रमाच्या फाटकाला आतून कडी. ओसरीवर चिटपाखरू नाही. देविदासला रोज दिसणारी ती खुर्ची भिंतीशी उलटी करून ठेवलेली. शिलानं हाक मारली, पुन्हा मारली, तेव्हा मुंजाजी जेवलेले हात पुसत बाहेर आला.

"अरे, ताई! या या. पण असं आहे, भेटायची वेळ चार ते पाच. आजी आत्ताच झोपल्या बघा."

"झोपल्या तर नुस्तं बघते."

"नियम आहे ना ताई. एकाला सोडलं की सगळे येतात."

तो हसत होता आणि कडीवरचा हात काढत नव्हता.  शिलानं फाटकाचे गज दोन्ही हातांनी धरले, मान वर केली, आणि गळा काढला.

असा गळा, की समोरच्या हॉटेलातला चहा गाळणारा चहा गाळायचा थांबला. सासू एवढी नाही, तरी शिलाही तांड्याचीच. "याडी गं याडी, तुज्या दाराशी आले गं, दार कोणी उघडंना गं!" सडकेवरची माणसं गोळा झाली. एका सायकलवाल्यानं मुंजाजीला विचारलंसुद्धा, "कोण गेलं हो?"

"कुणी नाही गेलं!" मुंजाजीचं हसू गेलं. "बाई, काय मयत झाल्यासारखं ओरडताय!"

"आमच्यात अशीच रीत हाय, भाऊ," शिला दोन ओळींच्या मध्ये म्हणाली. "भेटायला आलं की रडावं लागतं. भेट होईस्तोर थांबता येत न्हाई." आणि पुन्हा वरचा सूर लावला.

मुंजाजीनं कडी काढली. दुसरं करणार काय बिचारा!

आत लांबट खोली. खिडक्या बंद, पंखे बंद. वास असा, की शिलानं पदर नाकाला लावला. दोन्ही भिंतींशी खाटा, आणि खाटांवर म्हातारी माणसं निजलेली. म्हणजे डोळे उघडेच, पण निजलेली. एक मावशी फडकं घेऊन या टोकापासून त्या टोकापर्यंत धावत होती. एवढ्या साऱ्या माणसांना ती एकटी. तिलाही किती दोष द्यावा?

भिकाबाई कोपऱ्यात होती. आरशांची कांचळी आणि घेरदार फेटिया, म्हणजे चोळी-घागरा, घातल्याशिवाय दाराबाहेर पाऊल न टाकणारी ही बाई मळकट मॅक्सीत. कमरेला ओढणी, आणि तिची दोन्ही टोकं खाटेला गाठ मारलेली.

"पडू नयेत म्हणून हो," मुंजाजी घाईघाईनं म्हणाला. "हाड मोडलेलं ना. सुरक्षेसाठी."

भिकाबाईनं सुनेकडं पाहिलं. तिचे ओठ फुटले होते. ते हलले, पण आवाज आला नाही. तिची नजर शिलावरून मुंजाजीवर गेली आणि तिथंच राहिली. एवढ्या दिवसांनी घरचं माणूस समोर उभं, आणि भिकाबाई रडली नाही.

शिलाला वाटलं, तिथंच त्या माणसाची गचांडी धरावी. पण तिनं राग गिळला. वाकून सासूच्या गळ्यात पडली आणि मघाचाच सूर तिच्या कानाशी, हळू लावला. आता ओळी तांड्याच्या बोलीत होत्या.

आधी घरची खबर. भिंती उभ्या झाल्या गं याडी, स्लॅब पडला गं याडी, तुझ्या खोलीला उगवतीची खिडकी ठेवली गं, तुझी निलम सातवीत गेली गं. भिकाबाईचं अंग लाकूड होऊन राहिलेलं. मग शिलानं चाल न मोडता विचारलं, "तुजे ओठ फुटले गं याडी, तुला पाणी कोण देतं गं?"

भिकाबाईनं तोंड उघडलं. कोरड्या घशातून आधी नुसती खरखर आली, मग सूर आला.

"सकाळी येक गिलास गं बाई, मंग दिवसभर न्हाई गं. पाणी पिलं की न्यावं लागतं गं, न्यायला कोणी न्हाई गं."

"तुजी पाठ ओली लागते गं याडी, पाठीला काय झालं गं?"

"पडून पडून जखम झाली गं, कुशीवर कोण वळवतं गं."

"झालं का हो ताई?" मुंजाजी घड्याळ बघत म्हणाला.

"आवो थांबा, अजून मामाकडचं राह्यलंय," शिला म्हणाली, आणि पुन्हा सुरू. "रोज लेक दिसतो गं याडी, लेकाला काहून सांगितलं न्हाई गं?"

"हा गोड बोलणारा मागं उभा राहतो गं. पावडर लावून बसवतो गं, गाडी गेली की उचलतो गं. रडलीस तर लेकाची भेट बंद म्हणतो गं."

असं बराच वेळ चाललं. त्याच्या कारभाराचा सगळा पाढा त्याच्याच समोर, सुरात वाचला जात होता, आणि तो जांभई देत होता. शेजारच्या खाटेवरची एक म्हातारी तेवढी कान देऊन ऐकत होती. शेवटी भिकाबाईनं आणखी एक ओळ सुरू केली, आणि अर्ध्यातच गिळली. शिलानं दोनदा विचारलं, पण ती ओळ काही बाहेर आली नाही.

शिलानं डोळे पुसले. उठून ओढणीची गाठ सोडायला घेतली. गाठ घट्ट होती, दातांनी सोडवावी लागली. आणि सोडवता सोडवता तिच्या तोंडाचा जो पट्टा सुटला, तो सगळ्यात आधी सासूवरच. "तोंड शिवलं होतं का तुमचं? घरी साखरेच्या दाण्यावरून माज्या सात पिढ्या काढता, आन हितं मुकाट बांधून घेता? त्या ढवळ्या माणसाला येक शिवी देता आली न्हाई?"

"ताई, हात लावू नका!" मुंजाजी पुढं आला. "मुलाच्या सहीशिवाय त्यांना हलवता येणार नाही. तुम्हीच आणून टाकायचं आणि वर..."

"मी कुठं हलवून राहिले? लेक येतो ना साडेचारच्या गाडीनं. तुमाला तर त्याची वेळ पक्की ठाऊक हाय. त्याच्यासमोरच बोलू."

मग शेजारच्या खाटेवरून आवाज आला. "मावशी, माठ आण."

ती कमलबाई. मूळची कळमनुरीची. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, पण जीभ शाबूत. मुलगा आयुष पुण्यात नोकरीला. "तुमी काय बोलल्या ते कळलं न्हाई मला," ती शिलाला म्हणाली, "पण ते नुस्तं रडणं नव्हतं येवढं कळलं. मी माज्या गिलासातलं पाजायची हिला. तर यानं गिलासच नेला. हिच्या डोळ्यात पाणी कुठून यावं, पोटात आधी पाणी पाहिजे का न्हाई?"

मावशी जागची हलली नाही. तिनं मुंजाजीकडं पाहिलं, मग कमलबाईकडं, मग शिलाकडं. "आजींना आत्तापासूनच तयार करायला घ्या," मुंजाजी दरडावला. मावशीनं फडकं खाली टाकलं, आत गेली आणि माठ घेऊन आली.

दुपारभर शिला त्या खोलीत राबली. खिडक्या उघडल्या, पंखे लावले, आणि खाटेखाटेशी जाऊन घोट घोट पाणी पाजलं. एका बाबानं तिचं मनगट धरून ठेवलं, पाणी संपलं तरी सोडेना. मुंजाजी फोनवर कुणाकुणाशी बोलत राहिला. तो काय बोलत होता हे ऐकायला शिलाला वेळ नव्हता.

साडेचारला हॉर्न वाजला. देविदासनं सवयीनं खिडकीतून हात वर केला, आणि तो हात तसाच राहिला. खुर्ची उलटीच होती आणि पायरीवर त्याची बायको उभी होती. त्यानं घंटी मारली. गाडी थांबली.

"काय झालं? तू हितं कशी?"

"मी काय बी सांगत न्हाई," शिला म्हणाली. "तुमचा तुमच्या डोळ्यांवर लई विश्वास हाय ना? मंग आत जाऊन बघा."

देविदास आत गेला. मुंजाजी त्याच्या मागं मागं, "साहेब, गैरसमज, साहेब," करत. देविदासनं आईला कुशीवर वळवलं आणि मॅक्सी वर केली. तळहाताएवढी जखम होती, आणि तिला कुणी धड पुसलंही नव्हतं. तो तिच्या उशाशी बसला. रोज हात करत होतो, रोज, एवढंच तो पुटपुटत होता. त्याच्या डोळ्यांतून धारा लागल्या. भिकाबाईनं त्याच्या खाकी बाहीवर हात ठेवला आणि म्हणाली, "गाडी खोळंबली ना रे तुजी."

गाडी खोळंबली होतीच. ड्रायव्हर मोहनसिंग उतरून आला, त्याच्या मागं उतारू आले, त्यांच्या मागं हॉटेलातली माणसं. आयुष्यात कधी गाडी उशिरा न नेलेल्या देविदासनं त्या दिवशी सगळ्यांना हात जोडून सांगितलं, "वाईच थांबा, आन आत येऊन बघून जा. उद्या मी येकटा बोललो तर कोणी मानायचं न्हाई." माणसं आली. खाटा पाहिल्या, गाठी मारलेल्या ओढण्या पाहिल्या, बंद पडलेला संडास पाहिला. बाया शिव्या घालत बाहेर पडल्या. मुंजाजीला सगळ्यांशी एकदम गोड बोलायचं होतं, ते जमेना.

भिकाबाईला मागच्या लांब सीटवर निजवून गाडी वसमतला निघाली ती थेट सरकारी दवाखान्याच्या दारात थांबली. एकाही उतारूनं कुरकुर केली नाही. डॉक्टरीणबाईंनी जखम पाहिली, सलाईन लावलं, आणि स्वतःच पोलिसांना फोन केला. "हे पडून झालेलं नाही, पाडून ठेवल्यानं झालंय," त्या म्हणाल्या. दुसऱ्या दिवशी जिल्ह्याच्या ऑफिसातून साहेब लोक आले. मुंजाजीनं त्यांच्यासमोर पुष्कळ साखर पेरली. पण एक-दोघांना खोटं ठरवता येतं, सबंध गाडीला कसं ठरवणार? साक्षीला माणसं कळमनुरीपासून आली. मुंजाजीवर केस झाली, संस्थेची जुनी मंडळी गेली, नवी आली. मावशीच्या जोडीला आणखी तिघी आल्या. फाटकावरची भेटीच्या वेळेची पाटी काढून टाकली. आयुष पुण्याहून धावत आला आणि आईला चल म्हणाला, तर कमलबाई म्हणाली, "कशाला? आता हितं माजंच चालतं. डोळ्याचं तेवढं ऑपरेशन करून दे." बाजाराला जाणाऱ्या तांड्यातल्या बाया मनाला येईल त्या वेळी तिथं उतरतात, खाटांवरून एक चक्कर मारतात, आणि पुढं जातात.

आता वाटेल, संपली गोष्ट. मलाही तसंच वाटलं असतं. शिलाला मात्र वाटलं नाही.

ज्येष्ठात नव्या घरात राहायला गेले. भिकाबाईची जखम भरत आली. उगवतीच्या खिडकीशी तिची खाट पडली, अंगावर पुन्हा कांचळी आली. तांड्यातल्या बायांनी गळ्यात पडून पोटभर रडून घेतलं. सगळं छान होतं. आणि भिकाबाई भांडत नव्हती.

चहा दिला की "गोड झालाय." निलमची एक वेणी घातली तरी "चांगली दिसते." पाण्याचा तांब्या उशाशी भरून ठेवावा, तर संध्याकाळी तो भरलेलाच. सकाळी एक गिलास प्यायची, बस. "तहान न्हाई गं," म्हणायची. दिवसातून दोनदा शिला विचारायची, "मोरीत न्यायचं का?" तर, "असू दे, तुला काम असंल."

देविदास खूश. "याडी किती शांत झाली बघ." शिलानं त्याच्याकडं असं पाहिलं की तो मुकाट्यानं ड्युटीवर गेला.

त्या दिवशी शिलानं वांग्याच्या भाजीत मीठच घातलं नाही. मुद्दाम. ताट सासूच्या पुढं ठेवलं आणि समोर बसून राहिली. भिकाबाईनं एक घास खाल्ला, दुसरा खाल्ला, आणि म्हणाली, "झ्याक झालीय भाजी."

शिलानं ताट पुढून ओढलं. "आवो, मीठ न्हाई त्याच्यात! थुंकून टाकावी अशी भाजी हाय ती! तुमी पाव्हणी हाव का या घरात?"

 भिकाबाई खाली बघतच म्हणाली, "तकलीफ नको म्हणलं तुला."

"कोणती तकलीफ?"

"तो मुंजाजी म्हणला होता..." तिनं एकदा दाराकडं पाहिलं. "तुज्या सुनेनंच सांगितलंय म्हणला, घर झालं तरी म्हातारीला आणू नका. त्या दिशी रडताना तेच इचारणार होते, जीभ वळली न्हाई. आता आणलंच हाय तर मी म्हणलं, कमी प्यावं, कमी मागावं. न्हाई तर परत..."

शिलानं ओढलेलं ताट बाजूला ठेवलं.  सगळा उन्हाळा हे एवढं मनात धरून ही म्हातारी तिथं पडली होती, आणि इथं येऊनही धरूनच होती. शिलाला रडू आलं, आणि रडू आलं याचा राग आला.

"आन तुमी खरं मानलं?"

"मानलं. तू भांडायचीस की."

"भांडते! भांडणारच! रस्त्यावरच्या माणसाशी जाते का मी भांडायला? घरच्याशीच भांडते ना? त्या दिशी ओढणीची गाठ दातानं सोडवली, तवा पयली शिवी कोणाला दिली? त्याला का तुमाला?"

भिकाबाईनं विचार केला. "मला."

"मंग!"

 शिलानं उशाचा तांब्या उचलला, तिच्या हातात दिला, आणि समोर फतकल मारून बसली. "हा समदा प्यायचा. आन दिवसातून धा बार हाक मारायची मला. मी करकर करीन, बडबड करीन, पण न्हेईन. न न्हेता जाते कुठं?"

भिकाबाई प्यायला लागली. आधी भीत भीत, मग घटाघटा. पाणी हनुवटीवरून कांचळीच्या आरशांवर ओघळलं. तांब्या रिकामा करून तिनं खाली ठेवला, तोंड पुसलं, आणि भाजीच्या ताटाकडं बोट दाखवलं.

"मीठ न्हाई, आन वांगं बी कच्चं हाय. तुज्या मायनं काय शिकवलं तुला, कोण जाणे," ती म्हणाली. "आन बसलीस काय अशी? ऊठ, मोरीत ने मला."

"आत्ता तर बसले होते वाईच," शिला करवादली, आणि सासूच्या बगलेत हात घालून तिला उठवलं.